दुपारची शिफ्ट, सकाळचा डोंगर: चाळीसगाव-धुळ्याचे सोळा दिवस

सोळा दिवस लॅपटॉप घेऊन खानदेशात राहिलो, सकाळी डोंगर आणि दुपारी ऑफिसचं काम. असा बेत करून लॉज बघायला गेलात की बाथरूम नंतर बघा. आधी विचारा, ‘लाईट गेल्यावर प्लगला करंट राहतो का?’ मी फक्त ‘इन्व्हर्टर आहे का’ एवढंच विचारलं होतं. चाळीसगावच्या लॉजवाल्याने ‘आहे ना भाऊ’ सांगितलं, आणि ते खरंच होतं. पहिल्याच संध्याकाळी लाईट गेली. पंखा फिरत होता, ट्यूब जळत होती, पण प्लग मेलेला आणि जिन्यातला वायफायचा डबाही मेलेला. समोर लंडनची मीटिंग चालू. फोनच्या हॉटस्पॉटवर आवाजापुरता तग धरला. दुसऱ्या दिवशी लॉज बदललं.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, टीम लंडनची. दीडला बसायचं, साडेदहाला उठायचं. ही शिफ्ट कल्याणला नकोशी वाटते, खानदेशात तीच वरदान ठरली, कारण सकाळ पूर्ण आपली. (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनचं घड्याळ तासभर मागे जातं, म्हणजे हिवाळ्यात अडीचला बसलं तरी चालतं. मी सप्टेंबरात गेलो, तो तास हुकला.) ज्यांचं ऑफिस सकाळी नऊला सुरू होतं त्यांनी हा बेत फक्त शनिवार-रविवारपुरता धरावा.

घरून निघताना डोक्यात चित्र होतं ते पाटणादेवीच्या जंगलात झाडाखाली लॅपटॉप उघडून बसल्याचं. ते विसरा. देवळापाशी माझ्या दोन्ही सिमना रेंज नव्हती. काम तालुक्याच्या गावात, टेबल-खुर्चीवर करायचं आणि डोंगरावर रिकाम्या हाताने जायचं, हेच जमतं. त्यासाठी चाळीसगाव उत्तम. मुंबई-भुसावळ मुख्य लाईनीवरचं जंक्शन, गाड्या भरपूर, धुळ्याचा फाटा इथूनच निघतो. दोन सिम मात्र वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा. आणि खोली घ्यायच्या आधी खोलीत उभं राहून एक कॉल करून बघा, गच्चीवर नाही.

पाटणादेवी गावापासून अठरा-एक किलोमीटर. एसटीच्या भरवशावर दीडची शिफ्ट गाठता येत नाही. मी रिक्षावाल्याशी जाऊन-येऊन भाव ठरवला आणि तो तिथेच थांबेल हेही ठरवलं. पहाटे साडेपाचला निघायचं, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडायची. सगळा परिसर गौताळा अभयारण्यात येतो, बिबट्या आहे, त्यामुळे उजाडायच्या आत पायवाटेला लागू नका.

पहिल्या सकाळी पाटणादेवीचं, म्हणजे चंडिकेचं, दर्शन घेऊन धवलतीर्थ धबधबा. दुसऱ्या खेपेला कन्हेरगड. वाटेत नागार्जुन कोठी आणि सीतेची न्हाणी ही लेणी लागतात. नागार्जुन कोठीतल्या जैन मूर्तींसमोर पाऊण तास कसा गेला कळलं नाही. वर गवत कमरेइतकं आणि दर दहा पावलांवर तोंडावर कोळ्याचं जाळं. हातात काठी धरून पुढे फिरवत चालायचं, एवढीच युक्ती. पायथ्यापासून वर जाऊन परत यायला मला चार तास लागले. तीन धरून चाललो होतो.

त्या एका तासाने घोळ केला. उतरलो तर रिक्षावाला गायब, आणि त्याचा फोन लागेना, कारण रेंज नाही. चालत पाटणे गावात आलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. फोनवर दोन काड्या दिसल्या. पिठाच्या गिरणीशेजारच्या ओट्यावर बसून इअरफोन लावला आणि मीटिंगला हजर झालो. अंगावर कुसळं, शेजारी धोतरातले एक आबा. गिरणी सुरू झाली की मी म्यूट करायचो, थांबली की बोलायचो. आबा बराच वेळ बघत होते. शेवटी विचारलं, ‘कोनसंगे बोली ऱ्हायना भाऊ?’ म्हटलं, ‘साहेबांशी, विलायतेतल्या.’ ‘मंग त्याले सांग ना, माले भूक लागनी.’ नेमकं तेव्हा म्यूट नव्हतं. रिक्षावाला पावणेदोनला आला, जेवायला घरी गेला होता. त्याचं काही चुकलं नाही, मीच अकराची वेळ दिली होती. तेव्हापासून नियम केला: कामाच्या दिवशी घड्याळात नऊ वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचं, माथा दिसत असला तरी.

पाटणची, म्हणजे या पाटणे गावाची, मला सगळ्यात आवडलेली गोष्ट डोंगरावर नाहीच. इथल्या शिलालेखात शके ११२८ मधली, म्हणजे १२०६-०७ सालची, एक नोंद आहे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्याने पाटणला मठ काढला. त्याला दान मिळालं ते यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभांकडून. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी भाषा एकदम मराठी होते आणि बाजारातल्या मालावरचा राजाचा वाटा मठाला दिल्याचं सांगते. डोंगराच्या पायथ्याशी बसून डोकं चालवायची सोय, खर्चापाण्यासकट, आठशे वर्षांपूर्वी इथे होती!

आणि चाळीसगावलाच, स्टेशनजवळ, याच्या अगदी उलटा नमुना. केकी मूस हे चित्रकार, छायाचित्रकार. १९८९ साली वारले. अनेक दशकं त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नाही म्हणतात, आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून डोंगर, बर्फ, देखावे उभे करून त्यांचे फोटो काढले. घराचं आता संग्रहालय आहे. पाय दुखत असतील त्या सकाळी तिकडे जा.

शनिवारी पितळखोऱ्याची लेणी. हे कन्नडच्या बाजूचं, खानदेशाची हद्द ओलांडून घाटावर, पण चाळीसगावहून सोयीचं. पायऱ्या उतरून घळीत गेलं की चौथ्या लेण्याच्या जोत्याला हत्तींची रांग. मधमाश्यांची पोळी असतात, अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. पाऊस जोरात असेल तर हा भागच टाळा. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं, ते लोक अजून सांगतात.

मग धुळं. कामासाठी चाळीसगावापेक्षा सोपं, डोंगर मात्र एकच, लळिंग. मुंबई-आग्रा हायवेवर, गावापासून दहा-एक किलोमीटर. खानदेशच्या फारुकी सुलतानांचा जुना किल्ला, तासाच्या आत माथा, आठला खाली, दहाला आंघोळ करून शेवभाजी. शेवभाजीबद्दल एक इशारा: शिफ्टच्या आधी खाऊ नका. लाल तर्री, वर कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि तीन वाजता कोडच्या ओळी एकात एक मिसळायला लागतात. साडेदहानंतर उघडी असणारी खानावळ पहिल्याच दिवशी हेरून ठेवा, मी दोन रात्री केळ्यांवर काढल्या. केळी चांगली होती, तो भाग वेगळा. ३१ जुलैच्या सुमारास जाणार असाल तर लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या आठवणीत यात्रा भरते, त्या दिवशी गर्दी धरून चाला.

सामानात उपयोगी पडलं ते लॅपटॉप चालवू शकणारी पॉवर बँक, एक्स्टेंशन बोर्ड आणि तारेचा इअरफोन. ड्रोन नेला होता, अभयारण्यात त्याचं नावही काढू नका.

शेवटच्या शनिवारी शहाद्यावरून तोरणमाळ. साडेअकराशे मीटर उंची, सातपुड्यातलं गाव, सातपायरी घाट चढताना गाडीच्या काचेला ढग. घाट सुरू झाला तशी माझी रेंज गेली ती गेलीच. ऑफिसला आधी कळवून, सोमवारची सुट्टी टाकूनच जा. मी टाकली नव्हती. रविवारी सकाळभर सीताखाईच्या काठावर धुकं हलायची वाट पाहिली, दरीतून पाण्याचा आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. अकराला जीपवाल्याने हॉर्न दिला.