चौकावरील छप्पर : आमची वाटचाल

पुण्याच्या पेठांतील वाड्यांच्या आणि जुन्या बंगल्यांच्या उघड्या चौकांवर उजेड न अडवणारे छप्पर बसवणे, हे आमचे काम. चौक झाकावा, पण कोंडू नये, या मतावर आम्ही पहिल्यापासून ठाम आहोत. तापलेली हवा वर चढते, त्यामुळे छप्पर भिंतीच्या माथ्यापासून वीतभर उचलून चारही बाजूंना जाळी व लूव्हर (हवा जाऊ देणाऱ्या तिरप्या पट्ट्या) ठेवावेच लागतात, आणि त्याचा खर्च गिऱ्हाइकाला पटवणे सोपे नसते.

नेमका याचाच फायदा आमच्या हाताखाली शिकलेल्या एका गृहस्थांनी घेतला. आमचीच मापे घेऊन ते गिऱ्हाइकाकडे जात, लूव्हर गाळून, यूव्ही थर (उन्हातील अतिनील किरण अडवणारा लेप) नसलेली स्वस्त शीट धरून निम्मा दर सांगत, आणि काम त्यांना मिळे. 3 मीटरची पॉलिकार्बोनेट (उजेड आत येऊ देणारे चिवट प्लास्टिक) शीट तापमानात 40 अंशांचा फरक पडला की जवळजवळ 8 मिलिमीटर वाढते, म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठे पाडून वर रबरी वॉशर द्यायचा असतो, हे त्यांना आम्हीच शिकवले होते. त्यांनी स्क्रू घट्ट आवळले. शीट तडकल्या, पिवळ्या पडल्या, आणि ‘असली छपरे गळतातच’ हा बोल मात्र आम्हालाही लागला. त्यातच नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली, हातातली कामे थांबली आणि कारागिरांची मजुरी देण्यासाठी वेल्डिंगचे मशीन विकावे लागले.

त्या दिवसांत शनिवार पेठेतील एका काकूंनी माल येण्याआधीच पूर्ण रकमेचा धनादेश दिला, हे आम्ही विसरणार नाही. तुळशीवर थेट ऊन-पाऊस पडला पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. म्हणून वृंदावनाच्या बरोबर वर रुळांवर सरकणारे तावदान बसवले, आणि ते खालून दोरीने उघडते. त्या वाड्याच्या चार भिंतींचे माथे चार उंचीचे होते. लेझर असूनही आम्ही पातळी पाण्याच्या नळीनेच काढली, कारण कोपऱ्याआड लेझरचा किरण पोहोचत नाही, पाणी पोहोचते. काकू आजही शेजाऱ्यांना गच्चीवर नेऊन ते काम दाखवतात.

छप्पर करून घेणाऱ्यांनी शीटची यूव्ही बाजू वर आहे ना, आणि पोकळ शीटच्या नळ्या उताराच्या दिशेने आहेत ना, हे शीटवरची संरक्षक फिल्म काढण्यापूर्वी स्वतः पाहावे. त्या गृहस्थांनी घातलेली छपरे आता आम्हीच उतरवतो, आणि उतरवण्याची मजुरी वेगळी लावतो.