अ‍ॅशवेलच्या भिंतीवरच्या ओळी

लंडनमधल्या चार दिवसांविषयी मी लिहिणार नाही. रांगा आणि गर्दी यांखेरीज त्यांतले फारसे आठवतही नाही. आठवते ते हार्टफर्डशर परगण्यातील अ‍ॅशवेल गाव, आणि तिथल्या सेंट मेरी चर्चमधील भिंतीचा एक तुकडा. अ‍ॅशवेल अँड मॉर्डन स्थानकावर उतरल्यावर गाव अजून दोन मैल दूर असल्याचे कळले आणि मी थोडी वैतागले; पण चर्चचा बुरूज १७६ फूट उंच असल्याने पुढे वाट विचारावी लागली नाही.

हे चर्च प्रामुख्याने चौदाव्या शतकातले. त्याच्या दगडाला तिकडे ‘क्लंच’ म्हणतात. तो खडूच्या जातीचा, इतका मऊ की बाहेरून ऊनपावसाने पार झिजला आहे. आत मात्र त्या मऊपणामुळेच कोणालाही टोकदार वस्तूने त्यावर लिहिता आले, आणि आडोशामुळे ते टिकले. बुरुजाच्या तळाशी, उत्तरेकडील भिंतीवर मी मोबाइलचा उजेड टाकून बराच वेळ उभी होते, पण अक्षर म्हणून काही दिसेना. फुले रचत असलेल्या एक आजीबाई आपणहून आल्या आणि माझा हात धरून त्यांनी तो उजेड भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका केला. कोऱ्या वाटणाऱ्या दगडातून लॅटिन अक्षरे आपापल्या सावल्यांसह वर आली.

सुरुवातीलाच साल आहे, तेही पद्यात गुंफलेले: हजार, तीनदा शंभर, पाचदा दहा, म्हणजे १३५०. आपल्या जुन्या पोथ्यांत शक शब्दांनी सांगतात, त्याची मला आठवण झाली. १३४८ मध्ये डॉर्सेटच्या किनाऱ्यावरून शिरलेल्या प्लेगने तोवर इंग्लंडमधली निदान एक तृतीयांश माणसे नेली होती. ‘दयनीय, उग्र, हिंसक’ अशी विशेषणे येतात आणि मग पुढचे शब्द: लोकांतला गाळ तेवढा साक्षीला उरला आहे. जीव वाचला म्हणून देवाचे आभार मानणारी ओळ मी नकळत शोधत होते. ती तिथे नाही. या गाळात लिहिणारा स्वतःलाही धरतो, असे मला वाटते, आणि त्याने नाव घातलेले नाही. आपल्या गडांच्या तटांवर स्वतःची नावे कोरणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो, पण या ओरखड्यांपुढे मी चपला काढून उभी राहिले असते.

त्याच भिंतीवर एका भव्य चर्चचे रेखाचित्र आहे. ते लंडनचे जुने सेंट पॉल असावे, असे मानतात. त्याचा मनोरा १५६१ मध्ये वीज पडून जळाला आणि उरलेली इमारत १६६६ च्या आगीत गेली.

मी निघाले, तेव्हा आजीबाईंनी विचारले, “वाऱ्याची ओळ वाचलीत ना?” मी वाचली नव्हती. परत जाऊन पुन्हा उजेड तिरका धरला. सेंट मॉरसच्या दिवशी, १५ जानेवारीला, झालेल्या प्रचंड वादळाची ती नोंद आहे. नॉर्विच कॅथेड्रलचा मनोरा त्याच वादळात कोसळला. आपल्या हिशेबाने ते साल १३६२, पण इंग्लंडात तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला लागत असे, म्हणून भिंतीवर १३६१ आहे. अकरा वर्षांनी कोणीतरी पुन्हा याच भिंतीशी येऊन, त्या गाळाच्या साक्षीला जोडूनच लिहिले होते: आणि शेवटी जोराचा वारा, या वर्षी मॉरस जगात गरजतो आहे.