न्यायालयाला हिशेब विचारायचा तो कसा?

मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आणि सातारा-सांगलीच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण या बेंचवर वर्षाला खर्च किती, त्यात पगार किती, इमारत किती, आणि जाब कोण कुणाला विचारणार, हा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर येतं: न्यायपालिका स्वतंत्र आहे, तिला हिशेब कसला मागता? हे उत्तर अर्धवट आहे. लक्झेंबर्गमधलं युरोपियन युनियनचं न्यायालय तितकंच स्वतंत्र आहे, आणि तरीही निवडून आलेल्या खासदारांसमोर दरवर्षी हिशेब देतं.

युनियनच्या अर्थसंकल्पात या न्यायालयाचा स्वतःचा विभाग आहे, क्रमांक ४. रक्कम साधारण पन्नास कोटी युरोच्या घरात. त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास पैसा माणसांवर जातो: वरच्या न्यायालयात २७ न्यायाधीश आणि ११ महाअधिवक्ते (सरकारी वकील नव्हेत, खटल्यावर न्यायालयाला स्वतंत्र मत देणारे), खालच्या जनरल कोर्टात ५४ न्यायाधीश, शिवाय दोन हजारांवर कर्मचारी. उरलेला इमारती, संगणक आणि सामान. कर्मचाऱ्यांत मोठा भरणा कायदा शिकलेल्या भाषांतरकारांचा. अधिकृत भाषा २४, म्हणजे भाषेच्या जोड्या ५५२. काटकसरीच्या चर्चेत पहिलं बोट भाषांतराकडे जातं ते यामुळेच. पण ते कापलं की खटल्याची तारीख लांबते, कारण कागद भाषांतरात अडकून पडतो.

आता तपासणीचा क्रम. समजा २०२३ चा हिशेब आहे. २०२४ च्या मध्यापर्यंत न्यायालय अंतिम हिशेब देतं. युनियनची लेखापरीक्षण संस्था १५ नोव्हेंबरच्या आत वार्षिक अहवाल काढते. मग युरोपियन संसदेची अर्थसंकल्प नियंत्रण समिती कामाला लागते. तिच्यातला एक खासदार अहवाल लिहिणारा, आणि बाकीच्या राजकीय गटांचा एकेक खासदार त्याच्यावर नजर ठेवायला. न्यायालयाला लेखी प्रश्नावली जाते, उत्तरं येतात, सुनावणी होते. फेब्रुवारीत मंत्रिपरिषदेची, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेची, शिफारस, मार्चच्या सुमारास समितीत मतदान, आणि १५ मे २०२५ च्या आत सभागृहाचा निर्णय. हिशेब पटला तर न्यायालय त्या वर्षाच्या जबाबदारीतून मोकळं होतं. याला तिकडे डिस्चार्ज म्हणतात. पटला नाही तर निर्णय पुढे ढकलायचा आणि शरद ऋतूत पुन्हा घ्यायचा.

आपल्या साखर कारखान्याच्या सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत ताळेबंद मंजूर होतो, त्याच जातीचं हे काम. फरक एवढाच की "मंजूर, मंजूर"च्या आरोळीआधी तिथे काही महिने लेखी सवाल-जवाब झालेले असतात.

खुबी आहे ती उत्तर कोण देतो यात. सुनावणीला प्रशासनाच्या बाजूने उभा राहतो तो निबंधक. न्यायालयाच्या कारभाराचा प्रमुख तोच असतो. निकाल देणारा एकीकडे, बिलावर सही करणारा दुसरीकडे. त्यामुळे अमुक निकाल असा का लागला, हा प्रश्न टेबलावर येऊच शकत नाही. आला तरी निबंधकाकडे त्याचं उत्तर नसतं. अमुक प्रकारच्या खटल्याला सरासरी किती महिने लागले, हा प्रश्न मात्र बिनदिक्कत येतो. न्यायाधीशांचे हितसंबंध जाहीर केले का, बाहेरची व्याख्यानं-परिषदा कुणाच्या खर्चाने, वरच्या पदांवर बायका किती, सरकारी गाड्या कुणाला, हेही.

या पद्धतीची खरी परीक्षा जनरल कोर्टाच्या विस्ताराच्या वेळी झाली. खटले तुंबले म्हणून २०१५ च्या डिसेंबरात नियम झाला आणि तीन टप्प्यांत न्यायाधीश जवळजवळ दुप्पट झाले, प्रत्येक सदस्य देशाचे दोन. पण त्याच नियमात अट घातली होती: २६ डिसेंबर २०२० पर्यंत बाहेरच्या सल्लागाराच्या मदतीने कामगिरीचा अहवाल द्या. माणसं वाढवली, तर काम किती वाढलं? आपल्याकडे नवी पदं मंजूर होतात तेव्हा त्या जीआरमध्ये अशी एक ओळ टाकायला कुणाची हरकत असावी?

मर्यादाही आहेत. २०१७ मध्ये लेखापरीक्षकांनी खटल्यांच्या व्यवस्थापनावर विशेष अहवाल केला, तेव्हा न्यायाधीशांचा आपापसातला विचारविनिमय गुप्त असतो म्हणून काही कागद त्यांना पाहायला मिळाले नाहीत. ही रेघ नेमकी कुठे ओढायची यावर वाद होणारच, आणि तो व्हावा.

दुसरं, मंजुरी नाकारली म्हणून आभाळ कोसळत नाही. मंत्रिपरिषदेला संसद २००९ च्या हिशेबापासून वर्षानुवर्षं नाकारतेय. परिषद जागेवर आहे. १९९६ च्या हिशेबावरून डिसेंबर १९९८ मध्ये युरोपियन आयोगाला, म्हणजे युनियनचा कारभार चालवणाऱ्या मंडळाला, नकार मिळाला आणि मार्च १९९९ मध्ये अध्यक्ष सांतेर यांचा आयोग पायउतार झाला, पण त्यात स्वतंत्र तज्ज्ञ समितीच्या अहवालाचा वाटा मोठा होता. खरा चिमटा बसतो तो ठरावातल्या शेऱ्यांचा. त्यांवर काय केलं हे पुढच्या वर्षी लेखी सांगावं लागतं, आणि हीच संसद पुढच्या अर्थसंकल्पात मंजूर पदांच्या तक्त्यावर मत देते.

फसगत सर्वांत जास्त होते ती "९८ टक्के निधी खर्च झाला" अशा आकड्यावर. तीन चतुर्थांश पैसा पगाराचा असेल तर तो खर्च होणारच. त्यात कर्तबगारी कसली? बघायचं ते उरलेल्या एक चतुर्थांशाकडे: वर्षअखेरीस किती रक्कम एका शीर्षातून दुसऱ्यात वळवली, किती पुढच्या वर्षात ओढली, आणि ओढलेल्यातली किती शेवटी रद्द झाली. पैसे मागताना अंदाज फुगवला होता का, हे या तीन आकड्यांत दिसतं.

आपल्याकडे चौकट वेगळी आहे. उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च घटनेच्या अनुच्छेद २२९(३) नुसार राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो. विधानसभा त्यावर मतदान करू शकत नाही, पण अनुच्छेद २०३(१) नुसार चर्चा करू शकते. ही चर्चेची वाट फारसं कुणी चालत नाही. बंदी आहे ती अनुच्छेद २११ ची, आणि ती न्यायाधीशाच्या कर्तव्यपालनातील वर्तनापुरती. वीजबिल, भाडं, झेरॉक्सचं कंत्राट तिच्यात येत नाही. सांगली-साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयांचा चालू खर्च लेखाशीर्ष २०१४ मध्ये सापडतो (हे वर्ष नव्हे, अर्थसंकल्पातला खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक). सरकारी इमारतींचा भांडवली खर्च मात्र लेखाशीर्ष ४०५९ खाली, सार्वजनिक बांधकामच्या बाजूला. म्हणून एका न्यायालयाचा पुरता खर्च एका पानावर दिसत नाही.

तेव्हा बेंचबद्दल माहिती अधिकारात अर्ज करायचा असेल तर उच्च न्यायालयाच्या स्वतःच्या माहिती अधिकार नियमांप्रमाणे करा आणि प्रश्न सुटे ठेवा: मंजूर पदं किती, भरलेली किती, वेतनाखालचा खर्च किती, कार्यालयीन खर्च किती, भाड्याच्या जागा किती. इमारतीचा अर्ज वेगळा, बांधकाम विभागाकडे. "एकूण खर्च सांगा" असं लिहिलंत तर "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" एवढं एका ओळीचं उत्तर हातात पडायची शक्यता जास्त.