नॅनो टाकलं तरी कोटिंग झिजलंच

मागच्या जुलैतली गोष्ट. भोसरीतल्या आमच्या लॅबमध्ये टेबर मशीनवरनं (चाकं घासून कोटिंग किती झिजतं ते बघायचं मशीन) कोटिंग लावलेलं पॅनेल काढलं, वजन केलं, पटेना म्हणून परत दोनदा केलं. ५ टक्के नॅनो सिलिका, म्हणजे सिलिकाची अतिबारीक पावडर, टाकलेलं इपॉक्सी रेझिनचं कोटिंग बिनसिलिकावाल्यापेक्षा जास्त झिजलेलं! सीएस-१७ प्रकारची घासणारी चाकं, प्रत्येकावर १००० ग्रॅम, १००० फेऱ्या, सगळं सेम.

आमचं कोटिंग स्मार्ट, म्हणजे त्यात जवसाच्या तेलाच्या मायक्रोकॅप्सूल असतात, चरा पडला की त्या फुटतात, तेल चिरेत उतरतं आणि हवेतल्या ऑक्सिजनने सुकून चीर बुजवतं. पण कॅप्सूल मऊ पडते ना, रोजच्या घासण्यानंच वरच्या थरातल्या फुटून जातात आणि खरा चरा येतो तेव्हा तिथं तेलच नसतं. म्हणून भोवतीचं रेझिन टणक करायला सिलिका.

आणि सिलिका वाईट नाहीच, चूक आमची होती. २० नॅनोमीटरच्या कणांची १ ग्रॅम सिलिका घ्या, तिचा पृष्ठभाग होतो साधारण १३६ चौरस मीटर, म्हणजे जवळपास १४६० स्क्वेअर फूट, कोथरूडमधला ऐसपैस थ्री बीएचके! एवढ्या पृष्ठभागावर सगळीकडे हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट, ते एकमेकांना धरतात, पावसाळ्यात हवेतलं पाणीही धरतात, आणि पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात. गुठळीच्या आत रेझिन शिरत नाही, चाक फिरलं की ती उपटून निघते आणि मग चाकाखाली वाळूसारखी फिरत उरलेलं कोटिंग खरवडते. जितकी जास्त सिलिका तितकी जास्त वाळू.

मग पावडर ओव्हनमध्ये वाळवली, इपॉक्सी गटवाल्या सिलेनने ट्रीट केली (त्याचं एक टोक सिलिकाला चिकटतं, दुसरं रेझिनशी जोडलं जातं), प्रमाण २ टक्क्यांवर आणलं आणि बीड मिलमधनं (बारीक मण्यांनी गुठळ्या फोडणारं मशीन) काढलं. एक साधी टेस्ट सांगते, कॅप्सूल घालायच्या आधी रेझिन काचेवर ओढून बघा, दुधाळ दिसलं तर गुठळ्या आहेत, कारण सुटा कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच लहान असतो, तो दिसायलाच नको. कॅप्सूल सगळ्यात शेवटी, हळू ढवळत, मिलमध्ये गेल्या तर तिथंच फुटतात.

यावेळी वजनातली घट बिनसिलिकावाल्याच्याही खाली आली, मला इतका आनंद झाला की घरी फोन करून सांगितलं!

आता त्याच झिजवलेल्या पॅनेलवर चरा मारून सॉल्ट स्प्रेला, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यातल्या गंजाच्या टेस्टला लावलंय, ५ टक्के मीठ, ३५ अंश. कोऱ्या पॅनेलवर चीर बुजते हे आम्ही आधीच बघितलंय, झिजल्यावर किती बुजते ते मला बघायचंय.