२५६ ने भागलं आणि घर जागेवर आलं

सलग अकरा रात्री! मी घरी आहे की बाहेर हे फोनने स्वतः ओळखावं आणि त्याप्रमाणे रिंगर वगैरे बदलावं, यासाठी मी टास्कर हे अँड्रॉइडवर कामं आपोआप करवून घेणारं ॲप वापरते. आज सकाळी त्याचा लॉग उघडला तर 'घर' एकदाच लागलेलं दिसलं, काल संध्याकाळी ७:४२ ला. सकाळी मी बाहेर पडेपर्यंत ते एकदाही सुटलं नव्हतं. माझ्या मागच्या तीन नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या एका ओळीमागचे कष्ट कळतील.

मागच्या वेळी मी लिहिलं होतं की 'सेल निअर' (मोबाइल टॉवरच्या सेलवरून जागा ओळखणारी टास्करची अट; एका टॉवरवर असे अनेक सेल असतात आणि प्रत्येकाला आपला आकडा असतो) कायमचं काढून टाकते आणि सगळा भार वायफायवर टाकते. ते मी मागे घेते. सेलचे आकडे मी ज्या रीतीने जुळवत होते तिथेच घोळ होता, आणि तो निस्तरायला शेवटी एक भागाकार पुरला.

मांडणी तीच आहे. टास्करमध्ये 'ठिकाण' नावाचं एक व्हेरिएबल, त्यात घर, ऑफिस, गाडी किंवा बाहेर. रिंगर, ब्राइटनेस, ऑटो सिंक, सगळी प्रोफाइलं (अमुक झालं की तमुक करा असे नियम) फक्त या व्हेरिएबलकडे बघतात. टॉवर किंवा वायफाय थेट बघायची परवानगी एकाच टास्कला आहे. या अख्ख्या खटाटोपातला हा माझा सगळ्यात चांगला निर्णय. बिघडलं की शोधायला एकच जागा असते. ज्यांची प्रत्येक प्रोफाइल स्वतःचं वायफाय आणि स्वतःचा टॉवर घेऊन बसली आहे त्यांना मी पुन्हा एकदा सांगते, एक सुटीचा दिवस घालवा आणि हे वेगळं करा.

तर रोग असा होता. पहाटे तीनच्या आसपास ठिकाण 'बाहेर' व्हायचं आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत 'घर'. बाहेर झालं की रिंगर पूर्ण. एरवी हे कळलंही नसतं, पण एका रात्री नेमका त्याच वेळात मेसेज आला आणि घरातले सगळे दचकून उठले. त्या दिवसापासून मी हा प्रश्न सोडला नाही.

पहिला संशय वायफायवर. लॉगमध्ये ३:०६ ला वायफाय तुटलेलं दिसत होतं. राउटर रीस्टार्ट होत असेल म्हणून त्याची नोंद काढली, तर राउटर ठणठणीत, फोन स्वतःहून निघून गेलेला. माझ्या फोनच्या कंपनीने बॅटरीच्या सेटिंगमध्ये तीन पानं आत झोपेच्या वेळी नेटवर्क बंद करायचा पर्याय ठेवला आहे आणि तो मुळातच चालू असतो. मी बंद केला. सिस्टिम अपडेट आल्यावर तो परत चालू झाला. हे दोनदा घडलंय, म्हणून आता प्रत्येक अपडेटनंतर तपासायच्या गोष्टींची यादी कपाटाच्या दारावर चिकटवली आहे. पण जी गोष्ट माझ्या हातात नाही तिच्यावर घर उभं करायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

'वायफाय निअर', म्हणजे आसपासची वायफाय स्कॅन करून जागा ओळखणारी अट, पण पहाटे कामाची नाही. अँड्रॉइड ९ पासून पार्श्वभूमीतल्या सगळ्या ॲपना मिळून अर्ध्या तासात एकच स्कॅन मिळतो. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ही मर्यादा काढता येते आणि मी ती काढलेली आहे. तरी फोन गाढ डोझमध्ये (बॅटरी वाचवणाऱ्या अँड्रॉइडच्या झोपेत) गेला की सिस्टिम वायफायचा स्कॅन करतच नाही. टेबलावर निपचित पडलेला फोन पहाटे तीनला गाढ डोझमध्येच असतो.

जिओफेन्स, म्हणजे नकाशावर जागेभोवती आखलेलं वर्तुळ, सुचवणाऱ्यांसाठी: करून पाहिलं. ऑफिससाठी मस्त चालतं आणि तिथे ठेवलंय. घरासाठी नाही. त्रिज्या निदान १०० ते १५० मीटर ठेवा अशीच शिफारस आहे, घराच्या आत जीपीएस क्षीण, आणि वायफाय गेलं की अंदाज आणखी भरकटतो. अँड्रॉइड ८ पासून पार्श्वभूमीतल्या ॲपला जागेची खबर तासात मोजक्याच वेळा मिळते. खबर उशिरा आली तर ऑफिसमध्ये काही बिघडत नाही. पहाटे बिघडतं.

म्हणजे तीन वाजता जागा असलेला साक्षीदार एकच, टॉवर. आणि नेमका तोच उलटत होता.

माझ्या घराच्या यादीत ४३ सेल होते. रोज संध्याकाळी फोन घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरायचे, बाल्कनीत उभी राहायचे, जिन्यापर्यंत जायचे, दिसेल तो आकडा यादीत घालायचे. तरी दर दोन-तीन रात्रींनी एखादा न पाहिलेला आकडा उगवायचा. यादी कितीही वाढवली तरी एक कमीच! हे कोडं मला अख्खा आठवडा पुरलं. मग लक्षात आलं की माझं शिकणं सगळं संध्याकाळचं आहे. रात्री वर्दळ ओसरली की मोबाइल कंपन्या वीज वाचवायला काही बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) झोपवू शकतात. बँड बदलला की फोन त्याच टॉवरच्या दुसऱ्या सेलवर जातो, आणि तो सेल मी संध्याकाळी कधी पाहिलेलाच नसतो.

हे पटलं, पण उपाय दिसेना. शेवटी ४३ आकडे एका तक्त्यात घातले आणि चढत्या क्रमाने लावले. इतकं साधं काम मी आधी का केलं नाही याची हळहळ अजून वाटते. आकडे लावल्याबरोबर त्यांचे पुंजके दिसले. पुढचे आकडे मी बदलून देते आहे, कारण सेलच्या आकड्यावरून घर शोधता येतं आणि तुम्हीही आपल्या याद्या जशाच्या तशा कुठे टाकू नका. ५१५४४८४३, ५१५४४८४४, ५१५४४८५३, ५१५४४८६३. मग मोठी उडी, आणि ५१५४६१२३ पासून दुसरा पुंजका.

४जीचा सेल क्रमांक २८ बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या लिपीत २८ अंकी असतो. पहिले २० बिट स्टेशनचे, म्हणजे आपण ज्याला टॉवर म्हणतो त्याचे, आणि शेवटचे ८ बिट त्या टॉवरवरच्या एकेका सेलचे. दिशा बदला, बँड बदला, बहुतेक वेळा फक्त शेवटचे ८ बिट बदलतात. ८ बिट म्हणजे २५६. तेव्हा आकड्याला २५६ ने भागायचं, बाकी सोडून द्यायची, आणि हातात टॉवर उरतो. वरच्या चारही आकड्यांचं उत्तर २०१३४७. दुसऱ्या पुंजक्याचं २०१३५२.

४३ सेल, ५ टॉवर! मी तक्ता दोनदा तपासला. मग मागच्या महिन्याभराच्या लॉगमधले ते सगळे पहाटेचे अनोळखी आकडे काढून भागले. एकूण एक त्या पाचांतच बसले. एवढा आनंद मला या छंदात फार दिवसांत झाला नव्हता.

करायचं कसं ते थोडक्यात. सेल आयडीचं व्हेरिएबल टिंबावर स्प्लिट करा, शेवटचा भाग घ्या, 'व्हेरिएबल सेट'मध्ये गणिताची खूण करून २५६ ने भागा. इथे मी एक रात्र गमावली. मी दशांश शून्य ठेवून पूर्णांकात बदलून घेतलं, आणि ते खाली न उतरता जवळच्या पूर्णांकाकडे जातं. बहुतेक सेलचे शेवटचे ८ बिट छोटे असतात म्हणून काही जाणवत नाही. माझ्याकडे एका बँडचा सेल १३१ निघाला. ५१५४४९६३ भागिले २५६ म्हणजे २०१३४७ पूर्णांक ५१ शतांश, ते झालं २०१३४८, आणि पहाटे पुन्हा 'बाहेर'. फ्लोअर (नेहमी खालचा पूर्णांक) वापरा, राउंडिंग नको.

दुसरी अडचण कॉलची. व्होएलटीई (४जीवरूनच कॉल करायची सोय) मिळालं नाही तर कॉल लागताना फोन खाली २जी किंवा ३जीवर उतरतो. २जीचा सेल १६ बिटांचा, ३जीचा २८ बिटांचा असला तरी त्याची वाटणी निराळी, १२ आणि १६ अशी. दोघांनाही २५६ ने भागण्यात अर्थ नाही. म्हणून टास्कच्या सुरुवातीलाच अट घातली: नेटवर्क ४जी नसेल तर काही ठरवायचं नाही, आधीचं ठिकाण तसंच राहू द्यायचं. कॉल संपला की फोन वर चढतोच.

५जीवाल्यांनो, ४जीच्या आधाराने चालणारं ५जी असेल तर नाव नोंदवलेला सेल ४जीचाच असतो आणि हा भागाकार चालतो. निव्वळ ५जी असेल तर सेल क्रमांक ३६ बिटांचा होतो आणि त्यातला स्टेशनचा भाग २२ ते ३२ बिटांपैकी कितीही असू शकतो, ते कंपनी ठरवते. म्हणजे एकच भाजक सगळ्यांना लागू नाही. तिथेही आकडे चढत्या क्रमाने लावून पुंजके बघावेत, एवढंच मी सुचवेन.

आता ठिकाण 'बाहेर' व्हायला तीन गोष्टी एकदम लागतात: टॉवर यादीत नाही, घरचं वायफाय नाही, आणि ही अवस्था पाच मिनिटं टिकली. 'घर' व्हायला मात्र दोनांपैकी एक पुरावा पुरतो. एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट: या थांबणाऱ्या टास्कची 'कोलिजन हँडलिंग' (तोच टास्क चालू असताना पुन्हा सुरू झाला तर काय करायचं) मुळात 'नवा टास्क सोडून द्या' अशी असते. मधेच वायफाय परत आलं तरी जुना पाच मिनिटांचा टास्क पुढे जातो आणि खोटं ठरवतो. 'चालू टास्क सोडून द्या' करा. आणि प्रोफाइल संपली की आधीच्या सेटिंग्ज आपोआप परत आणणारं 'रिस्टोअर सेटिंग्ज' मी सगळीकडे काढलंय. बाहेर पडताना आवाज किती हवा ते मला एक्झिट टास्कमध्ये डोळ्यांनी दिसायला हवं, आत शिरताना काय होतं त्यावर सोडायचं नाही.

बाकीच्या आघाड्यांवर दोन चांगल्या बातम्या. गाडीचं ब्लूटूथ तुटलं की जागा साठवणारा टास्क आता चुकत नाही. आधी मी ब्लूटूथ नावाने ओळखत होते आणि इअरबड्सच्या नावातही तोच शब्द होता. उपकरणाच्या ब्लूटूथ पत्त्याने ओळखल्यावर प्रश्न मिटला. दुसरी, बॅटरी ८० टक्के भरली की हळू आवाजात सूचना येते आणि मी फोन वायरलेस चार्जिंगच्या पॅडवरून उचलते. लिथियम बॅटरी सतत काठोकाठ भरलेली ठेवली की लवकर म्हातारी होते. हा टास्क दिसायला सगळ्यात छोटा, पण रोजच्या रोज उपयोगी पडणारा.

मॅक्रोड्रॉइड (याच प्रकारचं दुसरं ॲप) की टास्कर असं पुन्हा विचारलं गेलंय. रिंगर, चार्जर, ब्लूटूथ एवढ्यावर भागत असेल तर मॅक्रोड्रॉइड घ्या, तासाभरात चालू होईल आणि वाचायलाही सोपं. असले भागाकार आणि याद्या असतील तर माझं मन टास्करवरच आहे. दोन्हींपैकी काहीही घ्या, एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) 'राइट सिक्युअर सेटिंग्ज', म्हणजे सिस्टिमच्या सेटिंग्ज बदलायची परवानगी, पहिल्याच दिवशी देऊन टाका. त्यासाठी केबल चांगली वापरा, नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलवर माझी एक दुपार गेली आहे. अँड्रॉइड ११ पासून हे वायफायवरूनही जमतं.

पुढचं पाऊल म्हणून मी पावलं मोजायचं ठरवलं होतं. टास्करमध्ये 'स्टेप्स टेकन' आहे. शेवटच्या 'घर'नंतर तीस पावलं पडली नसतील तर 'बाहेर' होऊच द्यायचं नाही. टेबलावरचा फोन चालत जात नाही, हा पुरावा पक्का आहे.

पण हे लिहिताना वर डोझबद्दल लिहिलं, त्याखाली पॅडबद्दल लिहिलं, आणि आत्ता दोन्ही शेजारी दिसताहेत. डोझ फोन चार्जरवर नसतानाच लागतो. म्हणजे फोन रात्रभर वायरलेस पॅडवर ठेवला तर तो रात्रभर जागा राहील आणि टॉवर बदलेल तसतसा सांगत राहील. वायरलेस पॅड माझ्याकडे एकच आहे, उशाशी. टास्करच्या 'पॉवर' कॉन्टेक्स्टमध्ये (फोन चार्जरवर आहे का ही अट) वायरलेस वेगळं निवडता येतं. तेव्हा पॅड आणि घरचं वायफाय दोन्ही असताना जो टॉवर दिसेल तो घराचाच, टास्कने तो आपणहून यादीत घालावा. मला खोल्यांतून फिरायला नको, आणि पहाटेचे टॉवर पहाटेच शिकले जातील. नुसत्या वायफायवरही हे चालेल, पण डोझमध्ये नोंदी विरळ पडतील. नुसत्या पॅडवर नको. दुसऱ्याच्या पॅडवर फोन ठेवला तर त्याच्या घरचा टॉवर माझ्या यादीत शिरेल.

पावलं मोजायचं तूर्त थांबवलं, हे आधी. पाच रात्री ८० टक्क्यांचा नियम बाजूला ठेवते आणि झोपेतलं नेटवर्क बंद करणारा तो पर्याय पुन्हा तपासते. टास्क तयार झालाय, यादीची एक प्रत काढून ठेवली आहे, फोन पॅडवर आहे. आत्ता ११:२० ला यादीत ५ टॉवर आहेत.