विमानाचं इंजिन का बंद पडलं, हे कळेपर्यंत क्लेम अडवू देऊ नका

माझा दादा हवाई दलात होता. बेळगावजवळ सांबऱ्याला ट्रेनिंग झालं, मग देशभर पोस्टिंग. ड्युटीवर मालवाहू विमानातून जाताना, उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात एक इंजिन बंद पडलं आणि विमान कोसळलं. त्या दिवसाबद्दल इथं लिहिणार नाही. नंतरच्या कागदांबद्दल लिहिते, कारण सैनिक टाकळीपासून गडहिंग्लजपर्यंत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजेतल्या माणसांची घरं खूप आहेत, आणि आमच्या वाट्याला जे आलं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

हवाई दलाकडचं काम मार्गी लागत गेलं. युनिटमधून एक अधिकारी सतत संपर्कात होते. एअर फोर्स ग्रुप इन्शुरन्स सोसायटीचे पैसे वहिनीच्या खात्यात आले. विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव युनिटकडूनच गेला. ड्युटीवर असताना हवाई प्रवासात झालेला अपघाती मृत्यू त्यात बसतो आणि पगाराच्या साठ टक्के निवृत्तिवेतन मिळतं, साध्या कुटुंब निवृत्तिवेतनात तीस. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांनी फॉर्म शेजारी बसून भरून घेतले. मृत्यूचा दाखला मात्र कोल्हापुरात मिळत नाही, जिथं मृत्यू झाला तिथल्याच निबंधकाकडे नोंद होते, त्यामुळं तो टपालानं आला. त्याच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच मागून घ्या, नंतर परराज्यातून मागवताना जीव जातो.

अडलं ते खासगी विमा कंपनीकडे. कंपनीचं नाव घेत नाही.

दादानं लग्नानंतर सुट्टीवर आला असताना एक मुदत विमा घेतला होता. वर अपघाती मृत्यूचा रायडर, म्हणजे मूळ विम्याला जोडलेलं जादा हप्त्याचं संरक्षण. वारस म्हणून वहिनीचं नाव, हप्ते सगळे भरलेले, पॉलिसीला तीन वर्षं कधीच उलटून गेलेली. वहिनी लहान लेकराला घेऊन बसलेली, म्हणून शाखेत मी जायचे. सुरुवातीला मूळ पॉलिसी, दाखला, बँकेचा कागद दिला. मग पोस्टमॉर्टेम मागितलं. ते दिलं तर पोलिसांचा पंचनामा. तो आणला तर तिथल्या साहेबांनी फाईल चाळली आणि म्हणाले, ‘मॅडम, अपघाताचं कारण फायनल झालेलं नाही. इंजिन फेल्युअरच होतं का, ह्याचा चौकशी अहवाल आणा.’

मी म्हटलं, ‘दाखल्यावर कारण लिहिलंय की.’

‘ते मृत्यूचं कारण झालं. आम्हाला अपघाताचं पाहिजे.’

हा अहवाल मी आणणार कुठून? नागरी विमान पडलं तर विमान अपघात तपास ब्युरो चौकशी करतो आणि अहवाल लोकांसमोर येतो. हवाई दलाच्या विमानाची चौकशी खात्याची कोर्ट ऑफ इन्क्वायरी करते. तो अहवाल घरच्यांच्या हातात पडत नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘वरून आल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही.’ पुढच्या खेपेला खुर्चीत दुसरेच साहेब, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगा. मग कॉल सेंटर, तिथं दर वेळी नवीन तक्रार क्रमांक. तिकडं वहिनीच्या घराच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला जातच होता. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

त्यात घरी अण्णा, आमचे वडील. त्यांचं सगळं आयुष्य उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कारखान्यात गेलं. मी शाखेतून आले की विचारायचे, ‘काय म्हणाले? बेअरिंग गेलं का ब्लेड तुटलं?’ दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर काय होतं, हे त्यांना समजावं म्हणून मी वाचत गेले. बंद इंजिनाच्या पंख्याची पाती लगेच वाऱ्याच्या धारेला फिरवावी लागतात, त्याला फेदरिंग म्हणतात. ती तशी फिरली नाहीत तर तोच पंखा विमानाला मागं ओढतो. एका बाजूला ताकद, दुसऱ्या बाजूला ओढ, म्हणून विमान बंद इंजिनाकडे वळू लागतं. भरलेलं विमान नुकतं जमिनीवरून उठलेलं असेल, तर सावरायला ना वेग असतो ना उंची. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘पण बंद का पडलं?’

तेव्हा मला लख्ख कळलं की हा प्रश्न विचारायचा हक्क अण्णांचा आहे. विमा कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. मुदत विम्याची मूळ रक्कम माणूस गेला म्हणून द्यायची असते. पहिल्या वर्षातली आत्महत्या सोडली तर मृत्यू कशानं झाला हे तिथं बघायचं नसतं. इंजिन बिघडलं, हवामान बिघडलं की हाताळणी चुकली, त्यानं त्या रकमेत एक रुपयाचा फरक पडत नाही. कारणाचा प्रश्न आला तर फक्त रायडरपुरता. शाखेनं दोन्ही क्लेम एकाच फाईलला बांधले होते आणि रायडरच्या नावाखाली मूळ रक्कम अडवली होती.

मग मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना वहिनीच्या सहीनं पत्र लिहिलं. मूळ रक्कम आणि रायडर वेगळे करा, मूळ रक्कम आधी द्या, रायडरचं तुमचं काय ते लेखी कळवा. कारणाचं काय होतं ते दाखवायला दोन अपघात लिहिले. 22 जुलै 2016 ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेलं हवाई दलाचं एएन-32 बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं. विमानात 29 जण होते. अवशेष सापडले ते जानेवारी 2024 मध्ये, समुद्रात सुमारे 3,400 मीटर खोल. त्या 29 घरांनी कारण कळेपर्यंत थांबायचं होतं का? दुसरा अपघात अमेरिकेतला. मे 2018 मध्ये सव्हाना इथं पोर्तो रिकोच्या नॅशनल गार्डचं हर्क्युलिस विमान उड्डाणानंतर लगेच पडलं, नऊ जण गेले. तिथं अहवाल नोव्हेंबरमध्ये जाहीर झाला आणि त्यात इंजिनाच्या बिघाडाबरोबर कर्मचाऱ्यांची हाताळणीही कारण म्हणून आली. ‘इंजिन फेल्युअरच होतं का’ याचं एका शब्दात उत्तर अहवाल आल्यावरही मिळेलच असं नाही.

पत्राला युनिटचा एक कागद जोडला. अमुक तारखेला, अमुक विमानात, हा माणूस अधिकृत ड्युटीवर होता, एवढंच त्यात होतं. युनिटकडून हा कागद शिक्क्यासह आणि तीन-चार मूळ प्रतींत घ्या, निवृत्तिवेतनापासून मुलांच्या शिष्यवृत्तीपर्यंत सगळीकडे तोच चालतो. नाव सर्व्हिस रेकॉर्डमध्ये जसं आहे तसंच आधार आणि पॉलिसीवर आहे का, तेही याच वेळी बघा. तिकडं आद्याक्षर, इकडं वडिलांचं पूर्ण नाव, असं असलं की प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

महिनाभरात कंपनीचं समाधानकारक उत्तर आलं नाही की विमा लोकपालांकडे जाता येतं. कोल्हापूरसाठी कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. आम्ही तक्रार पाठवली आणि सुनावणीच्या आधीच कंपनीनं मूळ रक्कम जमा केली. कागद तुकड्यातुकड्यानं न मागता एकदम मागावेत असा विमा नियामकाचा नियम आहे, आणि उशीर झाला तर बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त दरानं व्याज द्यावं लागतं. ते व्याज मी वेगळं पत्र लिहून मागितलं आणि मिळवलं. विम्याच्या पैशातून वहिनीनं घराचं कर्ज फेडलं. त्या संध्याकाळी मला कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली.

रायडर नाकारला. कलमच तसं होतं, तिकीट काढून प्रवासी विमानात बसलेल्यालाच लाभ, हवाई दलाच्या विमानातला मृत्यू वगळलेला. विमानात बसणं ज्याची नोकरी, त्याच्या माथी हा रायडर एजंटनं मारला आणि दादा त्याचा हप्ता वर्षानुवर्षं भरत राहिला. तुमच्या घरचा मुलगा फौजेत असेल तर आजच पॉलिसी काढून वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. लष्करी ड्युटी आणि लष्करी विमान त्यात असेल, तर रायडर बंद करा आणि त्याच पैशात मूळ विमा वाढवा.

अण्णांचं पत्र वेगळं गेलंय, हवाई दलाला. इंजिनाचा नेमका कुठला भाग गेला, एवढंच त्यांनी विचारलंय.