पासपोर्ट भारताचा, समन्स इंग्लंडच्या ज्युरीचं

मी लेस्टरमध्ये राहते, पासपोर्ट अजून भारताचाच आहे. त्यामुळे ज्युरीचं समन्स आलं तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: ‘तू इथली नागरिक नाहीस, तुला हे लागू नाही, तसं कळवून टाक.’ इंग्लंडपुरतं तरी हे खरं नाही, आणि आपल्या बऱ्याच लोकांना ते ठाऊक नसतं, म्हणून लिहितेय.

इथे नागरिकत्वाची अटच नाही. वय 18 ते 75, मतदार यादीत नाव आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर किमान 5 वर्षं ब्रिटनमध्ये वास्तव्य, या मुख्य अटी. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे रीतसर राहणाऱ्या भारतीयांना मतदानाचा हक्क आहे. एकदा नाव यादीत गेलं की कधीही बोलावणं येऊ शकतं. आमच्या शेजारी नाशिकचं एक जोडपं आहे. त्यांचीही नावं यादीत आहेत, पण येऊन तीनच वर्षं झाल्यामुळे ते तूर्त अपात्र. जामिनावर असलेले किंवा गेल्या 10 वर्षांत तुरुंगवास भोगलेलेही चालत नाहीत.

नवरा डॉक्टर. डॉक्टरांना सूट असते असं त्याच्या हॉस्पिटलात अजून बोललं जातं. पण ती सूट 2004 मध्येच गेली. आता वकील, पोलीस, अगदी न्यायाधीशांनाही बोलावतात. तारीख मात्र पुढे ढकलून मागता येते, एकदाच आणि 12 महिन्यांच्या आतली. मला तेच हवं होतं, कारण दिवाळीला रत्नागिरीला जायची तिकिटं काढून झाली होती. ऑनलाइन उत्तरात कारण लिहिलं, वर्षभरात कधी जमेल तेही कळवलं आणि फेब्रुवारीची तारीख मिळाली. उत्तर 7 दिवसांत द्यायचं असतं. ते टाळलं तर 1000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की 1959 चा नानावटी खटला आठवतो. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फौजदारी खटल्यांतली ज्युरी संपवली. म्हणजे माझ्या देशात हे काम माझ्या वाट्याला येणारच नव्हतं, आणि इथे परदेशी असूनही ते माझ्यावर सोपवलं गेलं. याचं मला खरोखर अप्रूप वाटलं. शपथ गीतेवर घेणार की नुसती प्रतिज्ञा करणार, हेही विचारलं. मी गीता मागितली. पुढे बारा जणांत काय चर्चा झाली ते कायद्याने सांगता येत नाही, नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.